डोळे मिटा, ऊन येतंय

दवाखान्यात तिला सगळे उजेडबाई म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण चिकटलं ते चिकटलंच. काम होतंच तसं. उन्हानं चेहऱ्यावर डाग पडलेली माणसं दोन जिने चढून वर यायची. भरदुपारी दारोदार फिरून माल खपवणारे, बांधकामावर उभं राहून म्हातारे झालेले इंजिनिअर, तरुणपणी समुद्रकिनारी लोळलेल्या आणि आता त्याचा पश्चात्ताप करणाऱ्या बायका. उजेडबाई त्यांना खुर्चीत आडवं करायची, डोळ्यांवर धातूच्या दोन वाट्या ठेवायची, चेहऱ्यावर गारेगार जेल थापायची आणि मशीनचा काचेच्या तोंडाचा हँडपीस टेकवून बटण दाबायची. झगकन उजेड पडायचा, रबर ताणून सोडल्यासारखा चटका बसायचा, झालं. दोन दिवसांत डाग काळे पडायचे आणि आठवड्याभरात चहाच्या भुकटीसारखे झडून जायचे. उन्हानं करून ठेवलेलं उजेडानं निस्तरायचं, असा हा उफराटा धंदा.

अकरा वर्षांत तिनं एकालाही भाजलं नव्हतं. ही काही लहानसहान गोष्ट नाही. सावळ्या कातडीवर हा उजेड फार जपून टाकावा लागतो. जरा जास्त झाला की डाग राहतात बाजूला आणि हँडपीसच्या काचेएवढे काळे चौकोन उमटतात. मग ते माणूस महिनोन् महिने तोंड लपवत फिरतं. दुसरीकडून असे चौकोन घेऊन आलेले लोक तिनं पाहिले होते. म्हणून ती आधी एका कोपऱ्यात चाचणीचा ठिपका मारायची, दोन दिवस थांबायची आणि मगच पुढे जायची. घाई करणाऱ्याला सरळ ऐकवायची, "तीस वर्षं उन्हात घालवलीत ना? मग दोन दिवस सावलीत काढा."

तिची आणखी एक खोड होती. इतर ठिकाणी उजेड सोडण्याआधी तीन, दोन, एक असं मोजतात. मोजलं की माणूस आणखीच आखडतो. ही मोजायची नाही. हँडपीस टेकवला की हळूच म्हणायची, "डोळे मिटा, ऊन येतंय." का कोण जाणे, पण एवढं ऐकलं की भलेभले अंग सैल सोडायचे. बघता बघता दवाखान्यात सगळेच तसं म्हणायला लागले. डॉक्टरबाईंनी तर ते माहितीपत्रकावर छापून घेतलं. हे शब्द सुचले कुठून असं कुणी विचारलं की उजेडबाई म्हणायची, "तोंडातून आले, आणखी कुठून येणार?"

आता गंमत बघा. एवढ्या लोकांचे चेहरे उजळणाऱ्या या बाईचा स्वतःचा चेहरा मात्र कपाळापासून हनुवटीपर्यंत करड्या-तपकिरी डागांनी भरलेला होता. सहा वर्षांची असताना ती उन्हात भाजली होती, त्याचे ते डाग. शाळेत पोरं 'ठिगळी' म्हणून हाक मारायची. आपण ते कधीच मनावर घेतलं नाही असं ती सांगायची, आणि ऐकणारे मान डोलवायचे.

ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा डॉक्टरबाईंचा स्वभाव नव्हता. एका सकाळी त्यांनी तिला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"उजेडबाई, नवी शाखा तीन महिन्यांत उघडतेय. ती तुमच्या हाती द्यावी असं माझ्या मनात आहे. पण दारातून आत आलेल्या माणसाला आधी तुमचा चेहरा दिसणार. दिव्याखाली अंधार चालायचा नाही. तीन वेळा उजेड घ्या, फुकट. चेहरा स्वच्छ करा आणि किल्ल्या घ्या."

"आणि नाही केला तर?"

"तर सालवालीला द्यावी लागेल."

सालवाली म्हणजे दवाखान्यातली दुसरी तंत्रज्ञ. ती औषध लावून लोकांच्या चेहऱ्याची वरची साल काढायची, म्हणून सालवाली. उजेडबाईची ती जिवाभावाची मैत्रीण. जेवणाचा डबा दोघींचा एकत्र उघडायचा.

उजेडबाईला ती शाखा हवी होती, अगदी मनापासून हवी होती. अकरा वर्षं तिनं पडदे ओढलेल्या खोलीत उभं राहून काढली होती. नव्या शाखेत तिची स्वतःची खोली असणार होती, दारावर नावाची पाटी असणार होती, आणि ठिगळी म्हणणाऱ्या एखाद्या पोराची आता टक्कल पडलेली स्वारी त्या पाटीखाली आपली पाळी येण्याची वाट बघत बसणार होती. हे चित्र तिनं मनातल्या मनात किती वेळा रंगवलं होतं त्याची मोजदाद नाही. ती म्हणाली, "चालेल."

मशीनआधी फोटो काढायची पद्धत होती. त्यासाठी एक पेटी होती. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, डोळे मिटायचे. पेटी दोन फोटो काढायची, एक साधा आणि एक जांभळ्या किरणांचा. त्या जांभळ्या फोटोत कातडीच्या आत दडलेलं वर्षानुवर्षांचं ऊन काळं होऊन वर यायचं. तो बघून भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. उजेडबाईनं हजारो लोकांना पेटीत बसवलं होतं, पण स्वतः ती एकदाही बसली नव्हती.

त्या दिवशी सालवालीनं तिचा फोटो काढला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं, गालाला कुणाचा हात लागला होता का?"

"माझ्या गालाला कोण हात लावतंय?"

"मग हे काय?"

उजेडबाई उठून बघायला आली. पडद्यावर तिचाच चेहरा होता, काळ्या ठिपक्यांनी गच्च भरलेला. फक्त डाव्या गालावर एक जागा स्वच्छ, फिकट होती. त्या जागेला पाच बोटं होती. तळवा जबड्यापाशी, बोटं गालावरून वर चढून मिटलेल्या डोळ्यावर टेकलेली. हात छोटा होता, मोठ्या माणसाचा नव्हे. करंगळी किंचित वाकडी होती.

क्रीम नीट चोळलं नाही की पेटीत बोटांचे फराटे दिसतात, हे दोघींना ठाऊक होतं. त्यांनी गाल साबणानं धुतला, काच पुसली, पुन्हा फोटो काढला. हात होता तिथंच होता. साध्या फोटोत आणि आरशात मात्र काही म्हणजे काही नव्हतं. तिथं गाल इतर चेहऱ्याइतकाच डागाळलेला दिसत होता.

"यंत्र बिघडलंय," सालवाली म्हणाली.

"हो, बिघडलंय," उजेडबाई म्हणाली. पण तिनं तो फोटो मोबाइलवर घेतला.

घरी ती आणि आई, दोघीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईला एक विचित्र सवय होती. दिवस मावळायच्या वेळी ती घराचं दार उघडं टाकायची आणि काही केल्या लावू द्यायची नाही. अंधार दाट झाला की उजेडबाईनंच उठून लावायचं. पस्तीस वर्षांत हे दार आईनं एकदाही स्वतःच्या हातानं लावलं नव्हतं. त्यावरून दोघींचं रोज वाजायचं.

"आई, दार लाव गं. डास फोडून खातायत."

"लावते. थांब जरा."

"कुणाची वाट बघतेस? राजाची स्वारी यायचीय का?"

"तुला डास चावले तर मरण नाही येत. थांब म्हटलं ना."

त्या संध्याकाळी उजेडबाईनं आईसमोर मोबाइल धरला. आईनं चष्मा लावला, फोटो पाहिला, चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला. मग मोबाइल पालथा घालून ती दाराकडे बघत बसली. 

उजेडबाईनं विचारलं नाही. त्या घरात एका विषयावर अळीमिळी गुपचिळी होती. उजेडबाईला एक बहीण होती, ताई, तिच्याहून सात वर्षांनी मोठी. आईवडील मिठागरात कामाला होते तेव्हा ती गेली. घरात तिच्याबद्दल एकच वाक्य बोललं जायचं, "ताई उन्हानं गेली." त्यापुढे कुणी गेलं नव्हतं. उजेडबाईला स्वतःला त्या दिवसातल्या दोनच गोष्टी आठवत होत्या. सगळीकडे पांढरंफटक, आणि डोळ्यांवर गार अंधार.

दुसऱ्या दिवशी सालवालीनं चाचणीचा ठिपका मारला, कपाळाच्या उजव्या कोपऱ्यात, त्या हातापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब.

"डोळे मीट गं, ऊन येतंय," सालवाली म्हणाली.

उजेड पडला. वाट्यांखालूनही तो लालसर दिसतो, हे उजेडबाईला रुग्णांकडून ऐकून माहीत होतं. तिला काहीच दिसलं नाही. चटकाही बसला नाही. उलट कपाळावर काहीतरी गार टेकल्यासारखं झालं.

"जेल जास्त लावलंस का?" तिनं विचारलं.

"नेहमीएवढंच."

दोन दिवसांनी ठिपका काळा पडायला हवा होता. पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी पेटीत फोटो काढला. डाव्या गालावर हात नव्हता. त्याखालचा गाल आता बाकीच्या चेहऱ्यासारखाच काळ्या ठिपक्यांनी भरला होता. हात उजव्या कपाळावर होता. मनगट नाकावरून आडवं गेलेलं, आणि बोटं पसरून बरोबर त्या कोपऱ्यावर, जिथं उजेड मारला होता, तिथं घट्ट टेकलेली. करंगळी तशीच वाकडी.

सालवालीचा आवाज बदलला. "हे मला बरं दिसत नाही. डॉक्टरबाईंना सांगू."

"काय सांगणार? माझ्या तोंडावर हात फिरतोय म्हणून? वेड्यात काढतील आणि शाखा तुला देतील."

"मला नकोय गं ती."

"पण मला हवीय," उजेडबाई म्हणाली, आणि ते तिनं जरा चढ्या आवाजात म्हटलं.

त्या दिवसापासून तिला भीती वाटायला लागली. चेहरा धुताना ती डोळे उघडे ठेवायची, साबण झोंबला तरी. उशीवर डावीकडे वळली की उजवीकडे वळायची आणि उजवीकडे वळली की उताणी. आपल्या चेहऱ्याची आपल्यालाच भीती वाटावी यासारखी फजिती नाही, कारण तो सोडून पळणार कुठं? तरी पहिल्या खेपेला तिनं तोंडातून चकार शब्द न काढता पूर्ण चेहऱ्यावर उजेड घेतला. झालं काहीच नाही. चटका नाही, काळेपणा नाही, भुकटी नाही. पेटीत बसायची तर तिची छातीच झाली नाही, आणि सालवालीनंही म्हटलं नाही.

चार आठवड्यांनी डॉक्टरबाईंनी दुसरी खेप स्वतः करायची ठरवली. "तुम्ही दोघी घाबरत घाबरत करता," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी मशीनचा काटा वर चढवला. किती वर, ते उजेडबाईनं विचारलं नाही. एरवी दुसऱ्या कुणासाठी तिनं तो हात धरून खाली आणला असता.

"डोळे मिटा, ऊन येतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

उजेडबाईच्या डोळ्यांवरच्या वाट्या हलल्या. कुणीतरी त्यांच्यावर हात ठेवला होता. लहान, गार, खरखरीत. तळव्याला मीठ लागलेलं असावं तसा. डॉक्टरबाई कपाळावर गेल्या की तो कपाळावर जायचा, नाकावर गेल्या की नाकावर. त्यांच्याआधी पोचायचा. प्रत्येक उजेडाला तो दचकायचा, पण मागे व्हायचा नाही. चौसष्ट वेळा बटण दाबलं गेलं. उजेडबाईनं सवयीनं मोजलं होतं.

आठवड्याभरानं चेहरा जसा होता तसाच. डॉक्टरबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या आणि फोटो काढायला सांगून बाहेर गेल्या. दुपारची वेळ होती, सालवाली सुट्टीवर होती. उजेडबाई एकटीच पेटीत बसली, हनुवटी टेकवली, बटण दाबलं आणि पडद्याकडे वळली.

हात चेहऱ्याच्या मधोमध होता. आणि तो भाजला होता. बोटांवर, बोटांच्या पेरांवर, मनगटापर्यंत काळे चौकोन उमटले होते, एकाला एक लागून. ते चौकोन तिनं अंधारातही ओळखले असते. हँडपीसच्या काचेएवढे, ना एक सूत जास्त ना कमी. एका ठिकाणी कातडी सोलवटून आली होती.

अकरा वर्षांत तिनं कुणाला भाजलं नव्हतं.  ती पेटीच्या कडेला धरून उभी राहिली आणि तोंडातून आपोआप निघालं, "अगं बाई, हात काढायचास ना." आणि हे आपण कुणाशी बोललो ते लक्षात आल्यावर तिची भीती कुठल्या कुठे गेली. उरलं ते भीतीहून वाईट होतं.

संध्याकाळी आई नेहमीसारखी उघड्या दारासमोर बसली होती. उजेडबाई तिच्यापुढे जमिनीवर बसली.

"आई, ताईची करंगळी वाकडी होती का?"

आईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "दारात चेंगरली होती. लहानपणी."

"त्या दिवशी काय झालं ते सांग. सगळं सांग."

आईनं सांगितलं. गोष्ट लांबलचक नव्हतीच. धाकटीला ताप होता. आईवडील मिठागराच्या पलीकडच्या टोकाला कामाला. ताई तेरा वर्षांची. ती धाकटीला पाठुंगळीला मारून सडकेकडे निघाली, जवळची वाट म्हणून बांधावरून. बांध खचला आणि ताईचा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला, तो निघेचना. चारी बाजूंना मीठ, नजर ठरत नाही इतकं पांढरं. एक झाड नाही. ताईनं डोक्याचं फडकं सोडून धाकटीच्या अंगावर घातलं, तिला मांडीवर घेतलं आणि तिच्या डोळ्यांवर हात ठेवला.

"तू तापातच सांगत होतीस सगळं," आई म्हणाली. "घरी आणल्यावर. की ताई म्हणायची, डोळे मीट, ऊन येतंय. ढग सरकला की म्हणायची. दिवसभर तेच."

 अकरा वर्षं दिवसातून पन्नास वेळा उजेडबाई नकळत ताईला हाक मारत होती, आणि ताई पन्नासदा येत असली पाहिजे.

"आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळला होता," आई म्हणाली. "तू झोपली होतीस. ती केव्हाच गेली होती. पण हात तुझ्या डोळ्यांवर तसाच. निघता निघेना. तुझ्या बापानं एकेक बोट उचललं." आईनं दाराबाहेर पाहिलं. "तिला कळलंच नाही गं, संध्याकाळ झाली म्हणून. कुणी सांगितलंच नाही तिला. ती आपली अजून उन्हातच."

"म्हणून दार उघडं ठेवतेस?"

"मग काय करू? ऊन उतरलं की येईल, असं वाटतं. तुला हसायचं तर हस."

उजेडबाई हसली नाही. आईच्या गुडघ्यावर डोकं टेकवून ती रडली, आणि त्या दिवशी डासांचा विषय कुणी काढला नाही.

तिसऱ्या खेपेचा दिवस उजाडला. शाखेच्या उद्घाटनाला बारा दिवस उरले होते. पाटीसुद्धा रंगवून आली होती. डॉक्टरबाईंनी ती कागदात गुंडाळून कोपऱ्यात उभी केली होती आणि उजेडबाईला कौतुकानं दाखवलीही होती. दुपारी चारला उजेडबाई खुर्चीत आडवी झाली. तिनं खूप विचार केला होता. शेवटची एक खेप. ताईनं इतकं सोसलं, तिथं आणखी एक. असाही विचार तिच्या मनात येऊन गेला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. माणूस आहे, पाटी समोर दिसते.

"आज शेवटपर्यंत चढवते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमची कातडी फार चिवट आहे हो. डोळे मिटा, ऊन येतंय."

हात आला. पहिल्यासारखा चटकन नाही. चाचपडत आला. खपल्यांनी खरबरीत झालेली बोटं तिच्या भुवईवर थरथरली, नीट मिटतही नव्हती. मधल्या फटीतून प्रकाश दिसायला लागला, तशी ती बोटं धडपडून एकमेकांजवळ सरकली.

"थांबा!" उजेडबाई ओरडली आणि उठून बसली. वाट्या खणखणत फरशीवर पडल्या.

"काय झालं? भाजलं?"

"हो," ती म्हणाली. "भाजतंय. मला नको हे. मी नाही करून घेणार."

"उजेडबाई, एवढं आल्यावर? शाखेचं काय?"

"सालवालीला द्या. हाताला चांगली आहे ती, आणि मनालाही."

 डॉक्टरबाई रागावल्या की त्यांना वाईट वाटलं, ते कळलं नाही. "तुमची मर्जी," एवढंच म्हणून त्यांनी मशीन बंद केलं. जाताना त्या कोपऱ्यातली पाटी उचलून घेऊन गेल्या. दार बंद होईपर्यंत उजेडबाई त्या पाटीकडे बघत राहिली.

सहाला दवाखाना रिकामा झाला. किल्ल्या तिच्याकडेच असायच्या. तिनं उजेडाच्या खोलीतले सगळे दिवे घालवले, मशीनचा प्लग काढला आणि अकरा वर्षांत कुणी न उघडलेले खिडकीचे जाड पडदे दोन्ही हातांनी बाजूला ओढले. धूळ उडाली. समोरच्या इमारतीच्या वर आकाश अजून उजळ होतं, म्हणून ती स्टुलावर बसून राहिली. खोटं सांगायचं नव्हतं तिला. ताईला खोटं लगेच कळायचं, असं आई म्हणाली होती. आकाश आधी पिवळं झालं, मग करडं, मग खालच्या रस्त्यावरचे दिवे लागले.

मग ती हळूच म्हणाली, "ताई, ऊन उतरलं."

काही झालं नाही. डोळ्यांवर त्या हाताचा गारवा होता तसाच होता.

"उतरलं गं ऊन. बघ ना खिडकीतून. दिवे लागले. मला बरं आहे आता. ताप गेला माझा. आई वाट बघतेय घरी." तिनं डोळे मिटले. "हात काढ, ताई. दमलीस."

आधी करंगळी उचलली गेली. मग बाकीची बोटं, एकेक, जशी कधीकाळी कुणीतरी उचलली होती. पण या वेळी ती आपणहून उठत होती. शेवटी तळवा सुटला, आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा उजेडबाईच्या अख्ख्या चेहऱ्याला खोलीतली हवा लागली. तिनं मुद्दाम पेटीत बसून फोटो काढला. चेहरा काळ्या ठिपक्यांनी भरलेला, कानापासून कानापर्यंत, कुठं एक बोटभर जागा स्वच्छ नाही. हात नव्हता.

ती कुलूप लावायला वळली तेव्हा तिच्या डाव्या हाताला काहीतरी गार लागलं. कुणीतरी तिचं बोट धरलं होतं. खपल्या खरखरत होत्या. तिनं हात मिटला, पण अलगद, कारण भाजलेला हात कसा धरायचा ते तिला माहीत होतं. एकट्या उजव्या हातानं कुलूप लावायला फार वेळ लागला. जिना ती भिंतीकडची बाजू मोकळी सोडून उतरली. रस्त्यात लोक तिच्या डागाळलेल्या तोंडाकडे नेहमीसारखे बघत होते आणि नेहमीसारखे नजर वळवत होते. खड्डा आला की ती डावीकडे वळून म्हणायची, "जपून," आणि वळसा घालायची.

घराचं दार उघडंच होतं. आई आत खुर्चीवर बसली होती. उजेडबाई उंबऱ्यापाशी थांबली, जरा बाजूला झाली, आणि मग आत आली.

आईनं तिच्याकडे पाहिलं. तिच्या अर्धवट मिटलेल्या डाव्या मुठीकडे पाहिलं.  गुडघ्यांवर हात टेकून ती उठली, भिंतीला धरत दारापर्यंत गेली, बाहेरच्या अंधारात एकदा डोकावली आणि दार लावून कडी घातली.